निम्मोचा आवाज

बालाघाट, १० फेब्रुवारी २०२५

आम्रपाली बेटा,

जयभीम घे. पत्र पाहून दचकू नोको, घरी सगळं बरं आहे. तुहा नंबर मी मागतला नाही अन तुह्या आईनं देल्ला नाही. दिवाळीत तू तिले साडी पाठवली, त्या खोक्यावर मालाडचा पत्ता होता. तेवढा कागद मी कापून ठेवला होता.

काल तुहा पिच्चर पाह्यला, ‘धुन के उस पार’. बस स्टँडमागच्या टॉकीजमध्ये, तीनचा शो. तुही आई तर पहिल्याच दिवशी मोहल्ल्यातल्या बायायसंग पाहून आली, मले न सांगता. मी विचारलं कसा आहे, तं म्हणे गाणे चांगले आहेत. बस एवढंच. म्हून मी एकटा गेलतो.

आता माहं मत ऐक. तुले नको असंन तरी ऐक. एकतीस वर्षं स्टेजसमोरच्या खड्ड्यात, पेटीवाल्याच्या बाजूले बसून मी लोकायले वाक्यं देल्ली. आपल्याकडे रोज नवं गाव अन रोज नवं नाटक, पाठ कराले कोणाले टाइम असते? प्रॉम्प्टर हळूच म्हणते अन नट मोठ्यानं म्हणते, असंच आपलं चालत आलं. तवा कोण मनातून बोलते अन कोण नुसतं तोंड हालवते, ते मले कोणी शिकवाची गरज नाही.

हिरो दिसाले गोरागोमटा आहे, पण काम कच्चं. बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवते म्हणे, अन वाजवताना त्याचे गालच फुगत नाही! रडाचा सीन आला का आधी डोळे वर नेते, मंग पाणी येते. खरंच रडणाऱ्या माणसाले वरतं पाहाची फुरसत असते का? हिरोइन बरी आहे. डोळ्यायनं बोलते, तोंडानं वाचते. पण तिचा बाप झालेला म्हातारा नट मात्र खतरनाक. पोरगी बँडवाल्याचं नाव घेते अन तो एक शब्द न बोलता भरल्या ताटावरून उठते, तिथं मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. सात गाण्यायपैकी पहिले तीन चांगले, पहाडावरचं उगाच लांबवलं. इंटरवलनंतर गोष्ट पाय घासत चालते. शेवटी दोघं भेटतात ते मले पटलं नाही, पण लोकायले पटलं.

अन तू. हिरोइनची मैत्रीण निम्मो. चार सीन आहेत, मी नीट पाह्यले. बँडवाला गाव सोडून चालला हे तू तिले सांगते, तो सीन चांगला केला. ताट पुसता पुसता हात थांबवला अन पुन्हा पुसाले लागली, ते तुह्या मनचं असंन. डायरेक्टरले असं सुचत नाही. दोन्ही हात एकाच वेळी उचलाची सवय तुही अजून गेली नाही, ती सोड.

एक विचारतो. तो आवाज कोणाचा आहे? मी डोळे मिटून ऐकलं. तुहा नाही.

चार वर्षांखाली तू लांजीले आपल्या मंडळाच्या नाटकात वाक्य विसरली, त्याचं मी काही मनात धरलं नाही. ती गोष्ट मी काढत नाही, तूही काढू नोको. आवाजाचं तेवढं कळव.

तुहे बाबा,
नागसेन


बालाघाट, १३ फेब्रुवारी

आम्रपाली,

पहिलं पत्र पोचलं का नाही, पता नाही. स्पीड पोस्टवाली बाई म्हणे पाच दिवस लागतात. पण मले दम निघत नाही म्हून दुसरं लिहून राह्यलो.

आज पुन्हा जाऊन आलो. टॉकीजचा गेटवाला हासला. म्हणे, काकाजी, हिरोइन बहुत पसंद आ गई क्या. मी हौ म्हटलं.

पहिल्या वेळी मी माणसं पाह्यली, या वेळी फक्त तुले पाह्यलं. चारही सीनमध्ये तुहा गळा झाकलेला आहे. पहिल्यात ओढणी गुंडाळली. ताटाच्या सीनमध्ये वरपर्यंत बटणं लावलेली कॉलर. मेळ्याच्या गाण्यात सगळ्या पोरी घामाघूम, सगळ्यायचे गळे उघडे, अन तुह्या एकटीच्या गळ्यात मफलर. शेवटच्यात शाल. हे कोणाच्या लक्षात येणार नाही. माह्या आलं, कारण तू पाच वर्षांची होती तवापासून गळ्याले काही टेकलं का ओरडत होती. स्वेटरचा गळासुद्धा मी कैचीनं मोठा करून देत होतो.

तुह्या आईले वाटते मले काहीच माहीत नाही. दर रविवारी वाळलेले कपडे काढाले ती गच्चीवर जाते अन अर्धा घंटा खाली येत नाही, तवा ती तुह्यासंग बोलते, हे मले चार वर्षांपासून माहीत आहे. मी खाली टीव्हीचा आवाज वाढवून बसतो, तिले मोकळं बोलता यावं म्हून. पण डिसेंबरपासून ती कपडे काढते अन पाच मिनिटात खाली येते. काल ती आंघोळीले गेली तवा मी तिचा फोन पाह्यला. चोरूनच पाह्यला, सांगतो तुले. दोन महिन्यात तुहा एकही फोन नाही, सगळं टाइप केलेलं. ‘बिझी आहे.’ ‘शूटिंग आहे.’ ‘नंतर करते.’ त्याच्या आधी तिनं तुले लिहिलं होतं का तुही सर्दी काहून जात नाही.

पिच्चरमध्ये दुसरीचा आवाज. गळा झाकलेला. फोनवर बोलत नाही. बेटा, मी शिकलेला कमी आहे, पण तीन गोष्टी एकापुढं एक ठेवता येतात मले.

खरं खरं लिही. दोन शब्द लिहिले तरी चालंन.

बाबा


बालाघाट, १८ फेब्रुवारी

आम्रपाली,

काहीच उत्तर नाही. पोस्टमन गल्लीत आला का मी दारात असतो, तो दुरूनच हात हालवते.

शुक्रवारी इथून तुहा पिच्चर उतरला. आता तिथं मारामारीचा लागला. म्हून मी रविवारी गोंदियाले जाऊन पाह्यला. तुह्या आईले सांगतलं का आमगावच्या मंडळाचं काम आहे. ती म्हणे जा, पण तिले पटलं नाही हे दिसलं.

या वेळी मले हिरोचा राग नाही आला. त्याचे गाल फुगोत नाहीतर न फुगोत, माही नजर तुह्या गळ्यावरून हटतच नव्हती. मेळ्याच्या गाण्यात तू एकदा मान डावीकडे वळवते अन लगेच हात मफलरवर नेते. ते नाचातलं नव्हतं. तसा हात माह्या मायचा जात होता. तुही आजी मैनाबाई गेली तवा तू दोन वर्षांची होती, तुले काय आठवन! तिच्या गळ्याले सुपारीएवढी गाठ आलती. आधी आवाज बसला, आमी म्हटलं सर्दी आहे. मंग काढा देल्ला, मंग हळद लावली. बालाघाटच्या डॉक्टरनं नागपूरले न्या म्हटलं, तवा लय उशीर झालता. शेवटचे चार महिने ती हातानंच बोलत होती. हे मी तुले कधी सांगतलं नाही. सांगाले पाह्यजे होतं.

रात्री जेवताना मी तुह्या आईले सरळ विचारलं, पोरीच्या गळ्याले काय झालं. तिच्या हातातली पोळी तशीच राह्यली. म्हणे, तुमाले कोणी सांगतलं? मी म्हटलं, पडद्यावर दिसते. ती म्हणे, मले तं ती सर्दीच म्हणते. मंग रडाले लागली अन माह्यावरच चिडली. एवढी काळजी होती तं पोरगी घरातून गेली तवा कुठं होते, म्हणे. मी उठून तिले पाण्याचा गिलास देल्ला.

अन ऐक, महागूभाऊ भेटला. मंडळाचा मालक, तोच आपला. त्यानं पिच्चर पाह्यला. पानठेल्यावर चार माणसायसमोर म्हणे, नागसेन, पोरगी काय साफ बोलते रे! लांजीले भर नाटकात वाक्य विसरली ती हीच का? सगळे हासले. मले तिथंच सांगता आलं असतं. मी पान तोंडात टाकलं अन निंगालो.

तपासलं का? कोणत्या डॉक्टरले दाखवलं? एकटी गेलती का?

बाबा


बालाघाट, २३ फेब्रुवारी

आम्रपाली,

आज पिच्चरचं काही नाही लिहीत.

पाच दिवसांपासून मले झोप नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरून राह्यली का तू उत्तर काहून देत नाही. मंग काल माहंच पहिलं पत्र आठवलं. त्यात मी लिहिलं का तू वाक्य विसरली. दुनियेले सांगता सांगता मी तुलेच लिहून बसलो! हात कसा नाही थांबला माहा?

तू विसरली नव्हती. मी देल्लं नाही.

त्या दिवशी दुपारी लांजीले स्टेज बांधून राह्यले होते, तवा महागूभाऊ म्हणे, मिठाई कधी देतो, पोरगी बंबईले चालली. ऑडिशन पास झाली म्हणे, परवाची गाडी आहे. सगळ्या मंडळाले माहीत होतं. पेटीवाल्याले माहीत होतं. चहा देणाऱ्यालेही माहीत होतं. मले नव्हतं. तू मले भेली असशीन, मी नाही म्हणन असं वाटलं असंन, अन मी नाहीच म्हटलं असतं. ते मले आज समजते. तवा मले फक्त एवढं समजलं का बापाले सोडून सगळ्यायले सांगतलं.

दुसऱ्या अंकात तुहा कोर्टाचा सीन होता. तू पिंजऱ्यात उभी होती अन वकील तुले विचारते, हा माणूस तुझा कोण. तिथं तुहं मोठं वाक्य होतं. वही उघडी होती. माहं बोट त्या ओळीवर होतं. मले खोकला आला नव्हता, पान पलटलं नव्हतं, लाइट गेली नव्हती. पेटीवाल्यानं मले कोपर मारलं. मी तरी चूप राह्यलो. मनात आलं, पाहू, बापाशिवाय किती वेळ उभी राह्यते.

आधी एक शिट्टी आली. मंग पाठीमागून हूट कराले लागले. कोणीतरी चप्पल फेकली, ती तुह्या पायाजवळ पडली. महागूभाऊनं पडदा पाडाले लावला. तू माह्याकडे पाह्यलं नाही, मेकअप पुसला नाही, पहाटेच्या पहिल्या बसनं गेली. अन मी सगळ्यायले सांगतलं का पोरगी विसरली, लहान आहे, होते असं. तुह्या आईलेही तेच सांगतलं. त्या सीझननंतर मी मंडळात पुन्हा बसलो नाही. गुडघे दुखतात म्हून सांगतलं. तेही खोटंच.

माफी माग असं कोणी मले म्हटलं नाही. मीच मागतो. तू माफ कर नाहीतर नोको करू, तुह्या मनावर आहे. पण गळ्याचं कळव. माह्यावरच्या रागासाठी दवाखाना नोको टाळू, बेटा. तुह्या आजीले आमी उशिरा नेलं.

गळ्याचं हे दुखणं त्या दिवसापासूनच लागलं का? लोकं म्हणतात धसक्यानं आवाज बसते. मले रोज वाटते का माह्याच पापानं बसला.

नागसेन


बालाघाट, २ मार्च

आम्रपाली,

तुहा निरोप आज दुपारी आला. रविवारच होता, तुही आई गच्चीवर गेलती. ती पायऱ्या उतरली तवा फोन पुढं धरूनच उतरली, कपडे वरच राह्यले. म्हणे, टाइप केलेलं नाही, आवाज आहे. तुमच्या नावानं आहे.

आमी दोघं पलंगावर बसलो. तिले बटण दाबता येईना, मलेही येईना. शेवटी तिनंच दाबलं.

मी आधी ओळखला नाही तुहा आवाज. नुसती हवा येऊन राह्यली होती, शब्द हवेत अर्धे अर्धे होते. मंग ओळखला. एकतीस वर्षं मी तसंच तं बोलत आलो, खड्ड्यातून, फक्त नटाले ऐकू जाईन एवढं.

तू म्हणाली, ‘बाबा, गाठ काढली. दिवाळीनंतर काढली. तपासली, चांगली निघाली, ती आजीसारखी नाही. घाबरू नका. आवाजाची एक नस दुखावली, व्यायाम करते, येईन म्हणतात, नाही आला तर नाही. सांगितलं नाही कारण आई पळत आली असती अन तुम्ही आले नसते, अन मले ते पाहाचं नव्हतं.’

चांगली निघाली म्हटलं तवा तुह्या आईनं माहा हात धरला. चार वर्षांत पहिल्यांदा धरला. मी तिथंच रडलो, अन डोळे वर नेले नाही. पिच्चरचं तूही सांगतलं का निम्मोचा आवाज दुसऱ्या पोरीनं देल्ला, डबिंगच्या आधीच तुहा गेलता. बरं केलं तिनं. माह्याकडून तिले शाबासकी दे, काम चांगलं आहे तिचं. मी उगाच मनातल्या मनात तिच्यावर चिडलो होतो.

मले वाटलं निरोप संपला. आईनं फोन कानाजवळ नेला, तवा पुन्हा तुहा आवाज आला.

‘लांजीचं लिहिलं ते वाचलं. माहा आवाज तुमच्यामुळं नाही गेला, ते डोक्यातून काढा. पण एक गोष्ट तुमाले माहीत नाही. मले ते वाक्य पाठ होतं, बाबा. पूर्ण नाटक पाठ होतं. लहानपणापासून तुमच्या वह्या वाचतच मोठी झाली मी. तुमचं बोट ओळीवर ठेवलेलं मले वरून दिसत होतं. मले वाटलं आता देतील, आता देतील. मी तुमची वाट पाहत होती.’

तिथं संपलं.

तुह्या आईनं फोन उलटा ठेवला अन माह्याकडे पाह्यलं. म्हणे, काय केलतं तुमी लांजीले? मी सांगतलं. सगळं सांगतलं, जसं तुले लिहिलं तसंच. ती ओरडली असती तं बरं झालं असतं. ती उठली, अलमारीवरून बॅग काढली अन कपडे भराले लागली. मी माहा एक शर्ट आणून बाजूले ठेवला. तिनं तो घडी करून परत अलमारीत ठेवला. म्हणे, पोरीनं बोलावलं तं याल, मी नाही नेत.

उद्या ती गोंदियाहून गाडी धरते. तिच्यासंग कारल्याचं लोणचं अन दोन किलो तांदूळ आहे, नको म्हणू नोको. हे पत्रही मी तिच्याच हातात देऊन राह्यलो, म्हणजे पोस्टमनचा भरवसा नाही कराले लागत. सकाळी मी महागूभाऊच्या घरी जाईन, त्याच पानठेल्यावर त्याले नेईन, अन त्याच माणसायसमोर सांगीन का लांजीले कोण चूप राह्यलं. त्याच्यानं तुहे चार वर्षं परत येत नाही, मले समजते.

तिकीट मी काढलेलं नाही. तू ये म्हणशीन तं त्याच दिवशी निंगतो. फोनवर म्हणू नोको, गळ्याले त्रास होते. आईले सांग, किंवा टाइप कर, किंवा काहीच नोको करू. आता वाट मी पाहतो. तुले लागन तेवढा वेळ घे.

बाबा